परवडणाऱ्या वस्तूंची फर्द

मनुष्याची गरज कोठे संपते आणि हौस कोठे सुरू होते याची हद्द कायम करणारे दगड आजवर कोणत्याही भूमापन खात्याने रोवलेले नाहीत, आणि ते रोवले असते तरी आम्हां हौशी बिनतारीवाल्यांनी ते एका रात्रीत चार हात पलीकडे सरकवले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. महसूल खात्यात अव्वल कारकुनी करण्यात हयात गेल्यामुळे दुसऱ्याने सरकवलेला दगड मला बांधावरूनच ओळखू येतो. स्वतः सरकवलेला दगड मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असल्याची माझी खात्री असते. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर भल्या सकाळी जी हॅम मंडळी एकमेकांना सांकेतिक नावांनी हाका मारून आपापल्या गावचे हवामान, आपापल्या तारेची उंची आणि आपापल्या गुडघ्यांची अवस्था कळवीत असतात, त्यांपैकी कोणालाही विचारून पाहावे. 'एवढे एक यंत्र घेतले की मग काही नको' असे एक यंत्र प्रत्येकाच्या मनात असते, आणि ते घेतल्यानंतर खरोखरच काही नको झालेला इसम माझ्या पाहण्यात, किंबहुना ऐकण्यातही, आलेला नाही.

प्रस्तुत फर्द जन्मास आली ती महागाई भत्त्याच्या फरकापायी. निवृत्त माणसाला मिळणारा फरक ही विलक्षण रक्कम असते. ती न्यायाने आपलीच असते, परंतु आपण तिला विसरून गेलेलो असतो, त्यामुळे ती हाती आली की वाटेत पैसे सापडल्याचा आनंद होतो आणि ते कोणाला परत करावे लागत नाहीत हे समाधान वर मिळते. रक्कम खात्यावर जमा झाल्याचा संदेश माझ्या आधी सौभाग्यवतींनी वाचला. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या असल्याने आमच्या घरचे लेखापरीक्षण वर्षअखेरीस न होता रोज रात्री जेवणानंतर होत असते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हांला काय काय हवंय ते एकदाच कागदावर उतरवून काढा. रोज एक नवं नाव ऐकण्यापेक्षा सगळं एकदम कळू दे. पण परवडणारं तेवढंच लिहा, आणि प्रत्येकापुढे आकडा लिहा."

मी फुलस्केप कागद घेतला, डावीकडे चार बोटे समास दुमडला आणि माथ्यावर 'फर्द' असे लिहून खाली दुहेरी रेघ ओढली. समास मी सवयीने सोडला होता. तांबड्या शाईचे पेन त्यांनी सवयीने हातात घेतले.

वास्तविक आमच्या छंदात काय परवडते याचा हिशेब प्रत्येक पिढीने निराळा मांडला आहे. १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी या देशात हौशी बिनतारी केंद्राचा श्रीगणेशा केला तेव्हा हा उद्योग साधनसंपन्न माणसाचाच होता. दुसरे महायुद्ध आटोपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले संच बाजारात येऊन पडले, आणि शत्रूचा ठावठिकाणा कळवण्यासाठी निर्माण झालेल्या त्या यंत्रांवर आमच्या आधीच्या पिढीने एकमेकांच्या मुलांच्या मुंजींची आमंत्रणे केली. ज्या गृहस्थांकडून मी ही विद्या घेतली त्यांचा प्रक्षेपक सदाशिव पेठेतील एका लाकडी कपाटाचे तीन खण व्यापून होता, आणि माघातल्या पहाटे त्याच्या ८०७ क्रमांकाच्या व्हॉल्व्हवर हात शेकत ते जपानशी बोलत असत. त्यांच्या मते परवडणारी वस्तू म्हणजे किलोवर मिळणारी वस्तू. पुढे या शतकाच्या आरंभी हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा संच आखला, तो मुळी आपल्याकडच्या साध्या दुकानात जे मिळते त्यातूनच बनावा या हेतूने. परदेशी गाभ्याची कडी मिळत नाही म्हणून त्यावरची वेटोळी त्यांनी नळाच्या वायसरवर गुंडाळली. हा मजकूर मी सौभाग्यवतींना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला, आणि त्याच आठवड्यात आमच्या मोरीतील नळ गळू लागला असता प्लंबरला बोलावण्याऐवजी त्यांनी माझ्याकडे पाहिले.

तेव्हा फर्दीतील पहिली बाब : पाच वॅटचा, चार-पाच पट्ट्यांवर चालणारा, भारतात जुळवलेला आणि दहा हजारांच्या आत बसणारा लघुलहरी संच. एवढ्यावर थांबलो असतो तर ती बाब बिनबोभाट मंजूर झाली असती, कारण असे संच आज खरोखरच त्या भावाच्या आसपास आले आहेत. परंतु मी तिला एक उपकलम जोडले, की सदरहू संचास चांगला दोन इंच व्यासाचा, वजनदार, धातूचा, खरोखर फिरणारा नॉब असावा. हल्लीच्या स्वस्त संचांना शर्टाच्या गुंडीएवढा नॉब असतो, आणि तो एकटाच आवाज, पट्टा, गाळणी, वेग आणि पडद्याचा उजेड ही पाच खाती सांभाळतो. कोणते खाते चालू आहे हे कळण्यासाठी तो आधी दाबावा लागतो, मग दाबून धरावा लागतो, आणि दाबून धरण्याचा काळ क्षणभर चुकला तर कोरियाचा माणूस निघून जातो आणि पडदा चिनी भाषेत बोलू लागतो. याउलट जुन्या काळच्या चांगल्या ग्राहकयंत्राचा नॉब असा असे, की त्यामागे जडचक्र बसवलेले असल्याने एकदा बोटाने झटका दिला की हात काढून घेतल्यावरही तो आपल्याच भाराने फिरत राही, तबकडीवरची सुई या टोकाकडून त्या टोकाकडे जाई, आणि वाटेत भेटणारी स्टेशने क्षणक्षण बोलून मागे पडत. जगातल्या अभियंत्यांनी पडद्यावर धबधब्याचे रंगीत चित्र काढून दाखवण्याइतकी प्रगती केली आहे. त्यांपैकी एकाने जरी अर्धा किलो पितळ घेऊन त्याचा नॉब कातला तरी मी त्याचा आजन्म ऋणी राहीन. समासात शेरा पडला : 'नॉब वेगळा मिळतो का पाहावे.'

संच पाच वॅटचाच का, शंभराचा का नाही, याला माझा विनय कारणीभूत नसून माझेच वक्तृत्व कारणीभूत आहे. फार पूर्वी एका निवांत दुपारी मी सौभाग्यवतींना डेसिबलचे गणित समजावून सांगितले होते, की समोरच्या माणसाच्या एस-मीटरची सुई एक घर वर चढवायची तर प्रक्षेपकाची शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे शंभर वॅटचे पंचवीस केले तर त्याची सुई एक घर उतरते, पंचवीसचे सव्वासहा केले तर आणखी एक, आणि तेवढ्याने त्याच्या कानाला फारसा फरकही कळत नाही. गणिताच्या शिक्षिकेला गणित शिकवणाऱ्याने तिच्या स्मरणशक्तीचाही हिशेब धरायला हवा. फर्दीच्या कच्च्या खर्ड्यात मी शंभर वॅटचा संच एक लाखाच्या आकड्यासह हळूच लिहून पाहिला, तेव्हा त्यांनी समासात भागाकार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे लाख रुपयांनी समोरच्याची सुई दोन घरं वर चढणार. घर पन्नास हजारांना पडलं." पुण्यात या भावाला घर मिळत नाही असे मी म्हणणार होतो, पण तांबडे पेन उघडेच होते.

दुसरी बाब दिसायला क्षुल्लक आहे, परंतु या फर्दीत माझा जीव खरा कशात गुंतला असेल तर तो हिच्यात. मला निःशब्दता विकत हवी आहे. रात्री दहानंतर चाळीस मीटरवर यावे, दूरच्या देशाचा क्षीण आवाज कानी पडावा, आणि नेमक्या त्याच्या डोक्यावर कोणीतरी अखंड पीठ चाळीत बसावे, असा अनुभव शहरातल्या प्रत्येक हॅमला नित्याचा आहे. हा गोंगाट आकाशातून येत नाही, तो शेजारून येतो. प्रत्येक एलईडी दिवा, प्रत्येक मोबाइलचा चार्जर, प्रत्येक इन्व्हर्टर यांच्या पोटात विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडणारी मंडले असतात, आणि बनवणाऱ्याने चार रुपयांची गाळणी वाचवली असेल तर प्रत्येक दिवा हे एक विनापरवाना प्रक्षेपण केंद्र होऊन बसते. आमच्या छंदाची साधने स्वस्त करणाऱ्या त्याच कारागिरीने शेजाऱ्यांचे दिवेही स्वस्त केले. एका हाताने यंत्र दिले आणि दुसऱ्या हाताने ऐकण्याची सोय काढून घेतली. पूर्वीचा ट्रान्सफॉर्मरवाला वीजपुरवठा उचलताना पाठीत उसण भरत असे, पण तो तोंडातून ब्र काढीत नसे; आजचा १३.८ व्होल्टचा पुरवठा तळहातावर मावतो आणि साऱ्या पट्ट्यावर किरकिरतो. म्हणून फर्दीत मी मूक वीजपुरवठा एक नग आणि त्याखाली फेराइटचे चिमटे वीस नग अशी नोंद केली. वीस हा आकडा पाहून पेन थबकले, तेव्हा मला पूर्वपीठिका निवेदन करणे भाग पडले.

ती अशी, की गेल्या वर्षी गणपतीनंतर आमच्या पट्ट्यावरचा गोंगाट एकाएकी वाढला आणि काही केल्या हटेना. खिशातला छोटा ट्रान्झिस्टर मध्यमलहरीवर, कोणतेही स्टेशन नसलेल्या जागी लावून मी इमारतीचा जिना चढू-उतरू लागलो. प्रत्येक दारापाशी थांबून, ट्रान्झिस्टर आडवा-उभा धरून, मान वाकडी करून कान देणारा निवृत्त मनुष्य हे दृश्य इतरांना कसे दिसत असेल याचा विचार मी मनात येऊ दिला नाही. तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीच्या अध्यक्षांच्या दारापुढे, खरखर अशी काही उसळली की मूळ तेथेच असल्याचा पंचनामा करण्याचे कारण उरले नाही. अपराधी होती ती देवघरातली माळ. गणपतीच्या आराशीसाठी आणलेली, आठ तऱ्हांनी लुकलुकणारी, आणि आरास उतरल्यावर वाया कशाला घालवायची म्हणून बाळकृष्णाच्या मखराला कायमची गुंडाळलेली. देवापुढचा दिवा मालवा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? मी दुसऱ्या दिवशी फेराइटचा एक चिमटा घेऊन गेलो. हा चिमटा म्हणजे मधोमध भोक असलेला, बिजागरीवर उघडणारा, काळाकुळकुळीत जाडजूड मणी; त्याच्या आतून वायरचे चार-पाच वेढे घेऊन तो मिटला की वायरीवाटे बाहेर निसटणाऱ्या उच्च कंप्रतेच्या लहरी त्यात जिरून जातात. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचा घेतला तर आमच्या पट्ट्यांना तो विशेष मानवतो.

अध्यक्षांच्या घरच्या वहिनींनी विचारले, "हा काळा मणी कशासाठी हो, भाऊ?"

"वाईट लहरींचा बंदोबस्त म्हणून," मी म्हणालो, आणि यात शास्त्रदृष्ट्या अक्षरही खोटे नव्हते.

"म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून," वहिनी म्हणाल्या. मी या विधानास दुजोरा दिला नाही, तसेच त्याचे खंडनही केले नाही. सरकारी नोकरीत याला 'नोंद घेतली' असे म्हणतात. माझ्या एस-मीटरची सुई सातावरून तिसऱ्या घरापर्यंत खाली आली. आठवड्याने वहिनींनी आणखी तीन मणी मागितले, एक फ्रिजला, एक नातवाच्या टॅबलेटला आणि एक नव्या मोटारीच्या आरशाला. मोटारीच्या आरशाला बांधलेल्या मण्याचा चाळीस मीटरला काही उपयोग नाही हे मला ठाऊक होते, परंतु तो तेथे झोकात लटकत असलेला पाहून पहिल्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांनीही विचारणा केली, आणि त्यांच्या इन्व्हर्टरवर माझा बरेच दिवस डोळा होता. सबब वीस नग. ही बाब एका शब्दाने मंजूर झाली, आणि पुढे कंसात 'एक आपल्या फ्रिजलाही' असा शेरा पडला. तो कोणत्या भावनेने लिहिला गेला हे मी विचारले नाही.

तिसरी बाब तारेची, आणि येथे फर्दीचा कागद ओलावला असेल तर तो माझ्या घामाने. चाळीस मीटरच्या पट्ट्याला साधी अर्धलहरी तार टांगायची तर ती सुमारे वीस मीटर लांब लागते, मधोमध तोडून दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर. तारेची किंमत नगण्य असते. पदार्थविज्ञानाने एवढी स्वस्त वस्तू दुसरी दिलेली नाही. महाग असते ती तिच्या दोन टोकांमधली जागा, कारण ती सोसायटीच्या गच्चीवर असते आणि गच्ची ही सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नसते. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवीत होते तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे आज आम्ही जेथे गुडघेदुखीची चर्चा करतो त्याच पट्ट्याच्या हद्दीत. पोलिसांचा सुगावा लागला की बिऱ्हाड हलवून ते केंद्र दुसऱ्या जागी उभे करीत. एवढ्या वेळा जागा बदलून, एवढ्या वेळा तार ताणून, त्या मंडळींनी सरकारशी झुंज दिली, ही गोष्ट वाचताना माझे मन आदराने भरून येते, आणि त्या आदराच्या पोटात एक कारकुनी शंकाही डोके वर काढते, की त्या इमारतींना व्यवस्थापक समिती नसावी. आमच्या समितीने माझ्या अर्जावर घेतलेल्या हरकती अशा : तारेवर वीज पडेल, तारेवर कावळे बसतील, तारेमुळे चौथ्या मजल्यावरच्या मालिका पुसट दिसतील, आणि आज यांना तार दिली तर उद्या कोणी झोपाळा मागेल. पहिल्या तीन हरकतींना माझ्याजवळ उत्तरे होती.

म्हणून तारेला पर्याय या नात्याने मी फर्दीत चुंबकीय कड्याचा अँटेना लिहिला. मीटरभर व्यासाचे तांब्याचे एक वेटोळे बाल्कनीत उभे केले की काम भागते, असे त्याचे भक्त सांगतात, आणि ते खरेही आहे. मात्र या कड्याचा स्वभाव दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा असतो. आपण आठ-दहा किलोहर्ट्झ इकडचे तिकडे झालो की ते रुसते आणि त्याची पुन्हा मनधरणी करावी लागते. ती मनधरणी करायची असते एका बदलत्या धारित्राने, ज्याला जुने रेडिओवाले गँग म्हणत. पूर्वी प्रत्येक घरच्या रेडिओत एक गँग असे, आता एवढ्याशा चिपने तिची सद्दी संपवली आहे. जुन्या बाजारात रविवारी एखादी गँग सापडते, तिच्या पात्यांमध्ये एका गृहस्थाश्रमाची धूळ साठलेली असते आणि विक्रेत्याला तिची खरी किंमत माझ्या चेहऱ्यावरून कळते. तेव्हा कोणी कारखानदाराने नवी, कोरी, रुंद अंतराच्या पात्यांची गँग हजार रुपयांत बनवावी अशी माझी मागणी आहे. येथपर्यंत सौभाग्यवतींची सहानुभूती दिसत होती. पण रुंद अंतर कशाला, या प्रश्नाला मी प्रामाणिकपणे उत्तर दिले, की पाच वॅटवरसुद्धा त्या पात्यांमध्ये शेकडो व्होल्टचा दाब उभा राहतो. "बाल्कनीत? जिथे मी ओले कपडे वाळत घालते तिथे?" या दोन प्रश्नचिन्हांनंतर समासात जे लिहिले गेले ते मी येथे उतरवून घेत नाही.

मोजमापाच्या यंत्रांत मात्र आमच्या पिढीचे भाग्य थोर. पूर्वी अँटेनाची नाडी पाहणारे यंत्र मोठ्या प्रयोगशाळेत असे आणि त्याची किंमत उच्चारताना आवाज खाली येई. आता एका जपानी हौशी माणसाने आखलेला नॅनो व्हीएनए पाच हजारांच्या आसपास मिळतो आणि शर्टाच्या खिशात बसतो. माझी मागणी एवढीच आहे, की त्याचा पडदा खिशात बसू नये. सुमारे पावणेतीन इंचांच्या त्या काचेवर स्मिथ आलेखाची वर्तुळे, चार रंगांच्या चार रेघा आणि मुंगीच्या पावलांची अक्षरे अशी दाटी असते, आणि ही सारी यंत्रे विशीतल्या मुलांनी आखलेली असतात, ज्यांना चाळिशी हा शब्द फक्त पट्ट्याच्या संदर्भात ऐकून ठाऊक असतो. सात इंची पडदा, किंमत तीच, अशी नोंद मी केली. शेरा : 'प्रथम डोळे तपासून घ्यावेत. तपासणीचा खर्च मंजूर.' फर्दीतील रोखीने आणि तत्काळ अदा झालेली हीच एकमेव रक्कम.

संगणकाच्या उपकरणांविषयी मी फारसे लिहिले नाही. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या जो टेलर यांनी सहकाऱ्याबरोबर २०१७ साली एफटी८ नावाची पद्धत प्रसृत केली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी दोन संगणक एकमेकांना नाव, गाव आणि आवाजाची पातळी कळवतात, आणि मनुष्याच्या कानाला जेथे नुसती खरखर ऐकू येते तेथूनही संदेश वेचून काढतात. विद्या निःसंशय अलौकिक आहे. परंतु जो संवाद चालू असताना मी चहा करून आणू शकतो आणि परत येईपर्यंत ब्राझीलशी माझी ओळख होऊन गेलेली असते, त्याला गप्पा म्हणणे माझ्या जिवावर येते. अर्थात ही साधने स्वस्त असल्यामुळे ती मला नकोत असे मी कोठेही लिहिलेले नाही.

उपग्रहाची हौस मी एका ओळीत उरकली होती. २००५ साली आपल्या पीएसएलव्हीने हॅमसॅट हा खास आमच्या मंडळींसाठीचा उपग्रह वर नेला आणि २०१४ पर्यंत त्याने इमानाने चाकरी केली. आता पश्चिमेच्या आकाशात कतारच्या उपग्रहावर हौशी मंडळींसाठी राखून ठेवलेली एक खिडकी आहे, आणि ती ब्राझीलपासून थायलंडपर्यंत दिसते. नुसते ऐकायचे तर दूरचित्रवाणीची साधी तबकडी आणि दोन-तीन हजारांची संगणकात खोचायची कांडी पुरते. तबकडी आमच्याकडे आहेच, फक्त ती पश्चिमेला वळवावी लागेल, असे मी तोंडी निवेदन केले. त्या वेळी दूरचित्रवाणीवर एका सासूचे कारस्थान उघडकीस येण्याच्या बेतात होते. नवी तबकडी लिहा, असा आदेश झाला.

मोर्सची किल्ली ही फर्दीतील भावनिक बाब. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातील तारसेवा बंद झाली आणि जी किल्ली शतकाहून अधिक काळ बारशाच्या आणि मर्तिकाच्या बातम्या वाहत होती ती तारघरांतून त्याआधीच मोकळी झाली होती. आम्ही मात्र वरच्या श्रेणीच्या परवान्यासाठी मिनिटाला आठ शब्द घेण्याची आणि देण्याची परीक्षा देऊन तिचे उपासक राहिलो. मला जड लोखंडी बैठकीची, पितळी, हात टेकला तरी न सरकणारी नवी किल्ली हवी आहे. बाजारात सुबक किल्ल्या आहेत, पण त्या इटलीत किंवा इंग्लंडात घडतात आणि त्यांची किंमत पाहिली की मिनिटाला आठ शब्दसुद्धा सुचत नाहीत. राजकोटचे, कोल्हापूरचे लेथवाले याहून नाजूक कामे रोज करतात. कोणी त्यांना एक नमुना नेऊन दाखवावा. या बाबीवर शेरा लिहिताना सौभाग्यवती किंचित हसल्या. संभाषण संपवताना आम्ही मंडळी ७३ पाठवतो, त्याचा अर्थ सादर नमस्कार. ८८ पाठवले तर त्याचा अर्थ सप्रेम चुंबन, आणि तो आकडा स्त्री-चालकांसाठी राखीव असतो. ओसाकाच्या एक आजीबाई मला अधूनमधून चाळीस मीटरवर भेटतात. शेजारच्या खोलीत वर्षानुवर्षे भाजी निवडत बसल्याने सौभाग्यवतींना मोर्स कधीचे पाठ झाले आहे हे मला त्या दिवशी कळले, कारण समासात लिहिले होते : 'मंजूर. मात्र शेवटी ७३ च पाठवावे.'

एवढे झाल्यावर बेरीज झाली, आणि ती फरकाच्या रकमेच्या आत बसली. मला क्षणभर विश्वास वाटेना. मग त्यांनी पान उलटले आणि विचारले, "ही झाली एकेक वस्तू. त्या वस्तू एकमेकींना जोडायच्या कशाने?"

नोकरीत मी कित्येक मामलेदारांच्या तपासण्या पाहिल्या, पण असा नेमका बोट ठेवणारा एकही पाहिला नाही. या छंदात संच स्वस्त असतो, त्याची केबल स्वस्त नसते; केबल स्वस्त मिळाली तर तिच्या टोकाचा पीएल-२५९ जोड मिळत नाही; जोड मिळाला तर त्याच्या पोटातले डिंकासारखे प्लास्टिक पहिल्याच डागाला वितळते आणि मधली पिन कलते; म्हणून टेफ्लॉनचा घ्यावा तर तो चौपट महाग, आणि दोन यंत्रे जोडायला चार टोके लागतात. शिवाय ज्या जातीचा जोड संचाला असतो त्याच जातीचा मीटरला नसतो, म्हणून मध्ये एक मध्यस्थ लागतो आणि मध्यस्थाची दलाली असते. मी पुरवणी फर्द लिहायला घेतली. ती मूळ फर्दीपेक्षा लांबली; तिच्यात डाग देण्याची कांडी, शिसे, बालन, वीज पडल्यास प्रवाह जमिनीत नेणारा सोबती, गच्चीपासून खोलीपर्यंत तीस मीटर केबल, आणि ती केबल आणण्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाण्याचे तिकीट, एवढ्या बाबी आल्या. बेरजेने फरकाची रक्कम ओलांडली आणि पुढल्या फरकाच्या हद्दीत चार हात गेली.

मध्यंतरी सोसायटीची वार्षिक सभा झाली, आणि तारेचा विषय आयत्या वेळच्या विषयांत निघाला. मी हरकतींवर उत्तरे देण्यास उभा राहिलो, पण त्यांची गरज पडली नाही. अध्यक्षांच्या घरच्या वहिनींनी मागच्या रांगेतून सांगितले, की भाऊंच्या मण्यांपासून घरात कोणाला काही बाधा म्हणून झालेली नाही, तर त्यांच्या तारेपासून काय व्हायचे आहे. पहिल्या मजल्यावरच्या दोन्ही बिऱ्हाडांनी अनुमोदन दिले. शास्त्राचा विजय कोणत्या वाटेने होतो याची चिकित्सा करण्याची ती वेळ नव्हती. ठराव सर्वानुमते संमत झाला तो असा : सदरहू सभासदास गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत एक तार स्वखर्चाने ताणण्यास परवानगी देण्यात येत आहे, तार डोक्याला लागणार नाही इतकी उंच असावी, तिच्यावर कोणीही झोपाळा टांगू नये, आणि नाहीतरी तार आहेच, तर २६ जानेवारी व १५ ऑगस्ट रोजी सोसायटीच्या पताका तिच्यावरच लावण्यात याव्यात.

मी नॅनो व्हीएनए घेऊन गच्चीवर गेलो आणि, नवा चष्मा आल्यामुळे आकडे दिसत असल्याने, तारेवर पताका लावून व काढून दोन्ही मोजमापे घेतली. कोरड्या कागदी पताकांनी तारेचा स्वभाव बदलत नाही. ओल्या पताकांनी मात्र तिचा अनुनाद खाली घसरतो, आणि १५ ऑगस्टला पुण्यात पाऊस असतोच. म्हणून पुरवणी फर्दीच्या तळाशी मी आणखी एक बाब वाढवली आहे : मेणकापडाच्या पताका, वीस मीटर, पाणी न धरणाऱ्या. समासातला शेरा कालच आला : 'परवडतात. सोसायटीकडून निम्मे पैसे वसूल करावेत.'